शिशाच्या गोळीवरचा लेप
दमदार रिव्हॉल्व्हरची काडतुसे घरी भरणाऱ्यांच्या एका वादाचा आढावा

अमेरिकेत रिव्हॉल्व्हर चालवणाऱ्यांचा एक मोठा वर्ग काडतुसे दुकानातून क्वचितच घेतो. झाडलेल्या पितळी पुंगळ्या तो गोळा करतो, साफ करतो, दाबून पुन्हा मूळ मापावर आणतो, त्यांत दारू पेटवणारी नवी टोपी, म्हणजे प्रायमर, बसवतो, तोललेली दारू भरतो आणि वर गोळी बसवतो. या कामाला तिकडे हँडलोडिंग म्हणतात. गोळीसुद्धा अनेकदा घरच्या भट्टीत शिसे वितळवून, साच्यात ओतून तयार केलेली असते. गेल्या दहा-पंधरा वर्षांत या ओतीव गोळ्यांचे रूप पालटले. पूर्वी त्या राखाडी असत आणि खाचांत मेण भरलेले असे. आता त्या लाल, हिरव्या, निळ्या किंवा सोनेरी दिसतात. त्यांच्यावर भाजून पक्का केलेला पॉलिमरचा पातळ लेप असतो.

साध्या, सौम्य काडतुसांसाठी हा लेप चांगला की वाईट, याबद्दल आता फारसे दुमत नाही. मतभेद आहेत ते दमदार काडतुसांबाबत: .३५७ मॅग्नम, .४१ मॅग्नम, .४४ मॅग्नम आणि त्यांच्याही वरची .४५४ कॅसूल किंवा .५०० स्मिथ अँड वेसन. एवढ्या दाबाला आणि वेगाला लेप टिकतो का? त्याच्यामुळे मिश्रधातूच्या कठीणपणाचा जुना प्रश्न निकालात निघाला का? शिशाच्या विषारीपणाचे काय? या प्रश्नांवर आज कोण कुठे उभे आहे, ते पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

आधी कायद्याविषयी थोडे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार स्वतःच्या वापरासाठी काडतूस भरायला परवाना लागत नाही. विकण्यासाठी बनवायचे तर १९६८च्या गन कंट्रोल ॲक्टखालचा उत्पादकाचा परवाना लागतो. भारतात १९५९च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. आपल्याकडे काडतुसे बराच काळ प्रामुख्याने खडकी किंवा वरणगावसारख्या सरकारी कारखान्यांतच बनत आली. म्हणून हा वाद मुख्यतः अमेरिकेतला आणि काही प्रमाणात ऑस्ट्रेलियातला आहे, आणि तो तिथला म्हणूनच समजून घ्यायला हवा.

मॅग्नमचा जन्म आणि शिशाची अडचण

या कथेत एल्मर कीथ यांना वगळता येत नाही. १८९९ साली जन्मलेला, आयडाहोच्या डोंगराळ भागात गुरे राखणारा आणि शिकारीला माणसे घेऊन जाणारा हा लेखक रिव्हॉल्व्हरकडून त्या काळी कोणी मागत नसे एवढी ताकद मागत होता. १९२०च्या दशकात .४५ कोल्टमध्ये वजनदार गोळी आणि जास्त दारू भरण्याच्या प्रयोगात त्यांच्या रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर फुटला. तेव्हा ते जाड भिंतीच्या .४४ स्पेशलकडे वळले. त्यांनी आखलेली गोळी आजही ‘कीथची’ म्हणून ओतली जाते. तिचे नाक रुंद आणि चपटे, खांद्याची कडा धारदार, बूड सपाट आणि वंगणाची खाच खोल असते. लायमन कंपनीच्या साच्यांत ४२९४२१ या क्रमांकाने ती ओळखली जाते.

१९३५ साली स्मिथ अँड वेसन आणि विंचेस्टर यांनी .३५७ मॅग्नम बाजारात आणले. डग्लस वेसन आणि फिलिप शार्प यांचा त्यात मोठा वाटा होता. लांब नळीतून ही गोळी सेकंदाला साडेचारशे मीटरच्या आसपास वेगाने सुटे. पण सुरुवातीच्या कारखानी काडतुसांत गोळी मऊ शिशाची होती. काही फैरींतच नळीच्या आतल्या वळणदार खाचांत, म्हणजे आट्यांत, शिसे चढे, नेम बिघडे आणि ते खरवडून काढणे जिकिरीचे होई. १९५५च्या शेवटी रेमिंग्टन आणि स्मिथ अँड वेसन यांनी .४४ मॅग्नम तयार केले. या वेळी रेमिंग्टनने शिशाच्या गोळीच्या बुडाला तांब्याची छोटी वाटी बसवली होती. १९६४च्या .४१ मॅग्नमची पोलिसांसाठी काढलेली शिशाची काडतुसेही नळी घाण करण्याबद्दल बदनाम झाली.

म्हणजे अडचण मॅग्नमइतकीच जुनी आहे. तांब्याचे जॅकेट हे कारखान्यांनी काढलेले उत्तर. पण जॅकेटच्या गोळ्या महाग पडतात, घरी सहजासहजी बनवता येत नाहीत, आणि एखाद्याला आठवड्याला शे-दोनशे फैरी झाडायच्या असतील तर खिसा रिकामा करतात. घरी ओतणाऱ्यांना शिशातूनच वाट काढायची होती.

नळीत शिसे का चढते?

शुद्ध शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते आणि जळत्या दारूचा वायू त्याच्या कितीतरी पट तापलेला असतो. त्यामुळे गोळीचे बूड वितळत असेल आणि तेच नळीला चिकटत असेल, असे कुणालाही वाटेल. पण वाळूत किंवा पाण्यात झाडून परत मिळवलेल्या गोळ्यांच्या बुडावर साच्याच्या बारीक खुणा बऱ्याचदा जशाच्या तशा सापडतात. वायूचा स्पर्श सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्यात संपतो आणि तेवढ्यात सपाट बूड वितळत नाही. खरा घात होतो तो फटीत. गोळी आणि नळी यांच्यात केसभर जरी जागा राहिली, तरी प्रचंड दाबाचा वायू तिथून पुढे घुसतो, गोळीची बाजू कापत जातो आणि ते शिशाचे कण पुढे आट्यांवर थापतो.

रिव्हॉल्व्हरची रचना या बाबतीत पिस्तूल किंवा रायफलीपेक्षा अवघड आहे. इथे गोळी एकाच सलग नळीतून जात नाही. ती आधी सिलिंडरच्या कप्प्याच्या पुढच्या अरुंद भागातून, म्हणजे थ्रोटमधून, सुटते. मग सिलिंडर आणि नळी यांच्यातली मोकळी फट ओलांडते, नळीच्या तोंडाच्या निमुळत्या फोर्सिंग कोनमध्ये शिरते आणि शेवटी आटे पकडते. थ्रोट नळीपेक्षा अरुंद असेल तर गोळी नळीत शिरण्याआधीच बारीक होते आणि मग वायू तिच्या बाजूने निसटतो. काही रिव्हॉल्व्हरमध्ये नळी चौकटीत आवळून बसवताना आट्यांचा तेवढाच पट्टा किंचित आकसतो, म्हणजे पुढे पुन्हा तोच प्रकार. सहा कप्प्यांचे सहा थ्रोट एकसारखे असतीलच, याचीही खात्री नसते.

यावर जुन्या ओतणाऱ्यांनी चार उपाय केले. पहिला उपाय मापाचा: गोळी थ्रोटइतक्या व्यासाची ठेवायची आणि तो व्यास नळीच्या खोल व्यासापेक्षा किंचित जास्त असावा. .४४ची नळी साधारण .४२९ इंचाची असते आणि गोळी .४३० किंवा .४३१ची. दुसरा उपाय वंगणाचा. पूर्वी मधमाशांचे मेण आणि चरबी, पुढे मेण आणि ॲलॉक्स हे कारखानी वंगण यांचे निम्मे-निम्मे मिश्रण खाचेत भरले जाऊ लागले. तिसरा उपाय तांब्याची वाटी, जिला गॅस चेक म्हणतात.

चौथा उपाय कठीणपणाचा, आणि खरी वादावादी इथूनच सुरू होते.

शिशात कथील मिसळले की ओतकाम सुबक होते. अँटिमनी मिसळली की धातू कठीण होतो. कठीणपणाच्या ब्रिनेल मापाने शुद्ध शिसे साधारण ५ भरते. गाड्यांच्या चाकांना तोल साधण्यासाठी लावत त्या जुन्या शिशाच्या वजनांचा धातू १२च्या आसपास असतो. छापखान्यातला लायनोटाइपचा धातू, ज्यात साधारण ८४ भाग शिसे, १२ भाग अँटिमनी आणि ४ भाग कथील असते, तो २२पर्यंत जातो. मराठी छापखान्यांत खिळे जुळवण्याचा काळ ज्यांनी पाहिला, त्यांना या जातीचा धातू माहीत आहे. अमेरिकेत छापखाने बदलले तेव्हा हाच धातू भंगारात निघाला आणि गोळ्या ओतणाऱ्यांच्या अनेक वर्षांची बेगमी झाली.

ब्रिनेलचा आकडा किलोग्रॅम प्रति चौरस मिलिमीटरमध्ये असतो. त्याला १,४२२ने गुणले की उत्तर पौंड प्रति चौरस इंचात येते. ली प्रिसिजन कंपनीचे रिचर्ड ली यांनी आपल्या पुस्तकात याच हिशेबावरून मांडणी केली, की दाब गोळीच्या धातूच्या ताकदीच्या आत ठेवा, नाहीतर ती चेपेल आणि नेम जाईल. याउलट दुसरी परंपरा सांगते की गोळीने बुडाशी किंचित चेपून फुगलेच पाहिजे, तरच ती नळी भरून काढेल आणि फट बंद होईल. एकच गुणाकार एका गटाला दाबाची वरची मर्यादा वाटतो आणि दुसऱ्याला खालची. अमेरिकेतल्या प्रमाणानुसार .३५७ मॅग्नमचा कमाल दाब ३५,००० आणि .४४ मॅग्नमचा ३६,००० पौंड प्रति चौरस इंच आहे. पहिल्या गटाचा हिशेब मानला तर .४४ला ब्रिनेल २५ची, म्हणजे लायनोटाइपपेक्षाही कठीण गोळी लागेल. आणि कीथ तर सोळा भाग शिशाला एक भाग कथील अशी, सुमारे ११ ब्रिनेलची गोळी वाटीशिवाय पूर्ण ताकदीने झाडत आणि समाधानी असत. हा विरोधाभास कोणत्याही सूत्राने पुरता सुटलेला नाही. ग्लेन फ्रिक्सेल यांच्यासारख्या अभ्यासू लेखकांनी मध्यम कठीणपणा, नीट माप आणि चांगले वंगण यांचा मेळ महत्त्वाचा मानला आहे. मला त्यांची भूमिका कीथच्या अनुभवाशी सर्वांत जास्त जुळणारी वाटते.

दुकानात मिळणाऱ्या ‘हार्ड कास्ट’ गोळ्यांनी गोंधळात भर घातली. पाठवताना टवके उडू नयेत म्हणून त्या १८-२० ब्रिनेलच्या असत आणि वंगण खडूसारखे टणक. सौम्य काडतुसात अशी गोळी चेपत नाही आणि वंगण वितळत नाही, म्हणून कठीण गोळीनेच नळी जास्त घाण होई. अनेकांनी त्यावरून उलटा निष्कर्ष काढला आणि आणखी कठीण गोळ्या मागवल्या.

लेप आला कुठून?

शिशाला कशाने तरी गुंडाळण्याची कल्पना नवी नाही. एकोणिसाव्या शतकात लांब पल्ल्याच्या रायफलींसाठी गोळीवर ओला कागद गुंडाळून वाळवत. रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत पहिला गाजलेला प्रयत्न नायक्लॅडचा. १९८०च्या दशकाच्या आसपास स्मिथ अँड वेसनने नायलॉनचा थर दिलेली शिशाची गोळी काढली आणि पुढे ती फेडरल कंपनीकडे गेली. त्यामागे मुख्य हेतू बंदिस्त नेमबाजी केंद्रांत हवेत उडणारे शिसे कमी करण्याचा होता. त्यानंतर मॉलिब्डेनम डायसल्फाइडची काळी गोळी आली. तिला चाहते मिळाले, पण हात काळे होत आणि थर कितपत टिकतो याविषयी तक्रारी असत.

खरा पालट दोन गोष्टींनी झाला. पहिली म्हणजे ऑस्ट्रेलियात तयार झालेला हाय-टेक हा लेप. रंगद्रव्य आणि उत्प्रेरक ॲसिटोनमध्ये मिसळून गोळ्या त्यात घोळवतात, वाळवतात आणि साधारण २०० अंशांना भाजतात. असे दोन-तीन हात दिले जातात. गोळ्या विकणारे छोटे-मोठे व्यावसायिक बहुतेक याच पद्धतीकडे वळले. दुसरी म्हणजे पावडर कोटिंग. लोखंडी खिडक्या आणि सायकलींच्या चौकटी रंगवायची पॉलिस्टरची भुकटी हौशी लोकांनी उचलली. गोळ्या आणि भुकटी प्लास्टिकच्या डब्यात हलवल्या की घर्षणाच्या विजेने भुकटी चिकटते. मग त्या भट्टीत भाजायच्या. या पद्धतीला फार खर्च नाही, म्हणून ती घरोघरी पसरली.

२०१६ साली फेडरलने सिंटेक नावाने पॉलिमर गुंडाळलेल्या गोळ्यांची कारखानी काडतुसे आणली. ती प्रामुख्याने पिस्तुलासाठी होती. पण एका मोठ्या कंपनीने लेप स्वीकारल्यामुळे हौशी मंडळींचा विश्वास बळावला.

लेप नेमके काय करतो? कल्हई जशी तांब्याचे भांडे आणि आंबट पदार्थ यांच्यामध्ये उभी राहते, तसा तो शिसे आणि नळी यांच्यामध्ये उभा राहतो. शिवाय मेणासारखा तो जळून धूर करत नाही. बंदिस्त केंद्रात झाडणाऱ्याला हा फरक पहिल्या फैरीत जाणवतो आणि त्याबद्दल कुणाचेच दुमत नाही. बोटांना मेण लागत नाही, गोळी बसवण्याच्या साच्यात चिकटा साचत नाही. हे फायदे सगळ्यांनी मान्य केले आहेत.

मॅग्नमच्या दाबाखाली: चार भूमिका

पहिली भूमिका लेपाच्या उत्साही समर्थकांची. त्यांच्या मते लेपाने गोळीची दोन कामे वेगळी केली. पूर्वी नळी सांभाळणे आणि लक्ष्यावर परिणाम करणे ही दोन्ही कामे एकाच मिश्रधातूला करावी लागत. नळीसाठी तो कठीण हवा आणि शिकारीत फुलण्यासाठी मऊ. आता नळीचे काम लेपाकडे गेले. तेव्हा १० ते १२ ब्रिनेलची गोळी वाटीशिवायही .३५७ किंवा .४४च्या पूर्ण वेगाला चालते आणि हरणात फुलतेही. वाटी विकत घेण्याचा, ती बसवण्याचा खटाटोप संपला. हा युक्तिवाद मजबूत आहे आणि आजच्या अनेक ओतणाऱ्यांचा अनुभव त्याला दुजोरा देतो.

दुसरी भूमिका ‘माप आधी’ म्हणणाऱ्यांची. लेप चांगला आहे, पण तो फट बुजवत नाही. थ्रोट अरुंद असतील तर लेपासकट गोळी बारीक होईल आणि वायू लेपही कापेल. त्यांच्या मते लेपाने अनेकांची नळी साफ राहते याचे एक साधे कारण वेगळेच आहे. लेपामुळे व्यास एक ते तीन हजारांश इंचाने वाढतो, आणि आधी बारीक असलेली गोळी योगायोगाने योग्य मापाची होते. श्रेय लेपाला मिळते, काम मापाने केलेले असते. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. लेप दिल्यावर गोळी पुन्हा साच्यातून दाबून नेमक्या मापाची न करता केलेल्या तुलनेला म्हणूनच फारसा अर्थ उरत नाही.

तिसरी भूमिका दोन्ही हातांनी घ्या म्हणणाऱ्यांची: लेपही द्या आणि वाटीही बसवा. विशेषतः .४५४ कॅसूलसारख्या ६५,००० पौंडांच्या किंवा .५०० स्मिथ अँड वेसनसारख्या ६०,००० पौंडांच्या आसपासच्या काडतुसांसाठी. .४४च्या जवळजवळ दुप्पट दाबाला साध्या बुडाची लेपित गोळी टिकते असे सांगणारे आहेत, पण त्यांची संख्या कमी आणि अनुभव विखुरलेले. नळीच्या टोकाला वायू बाहेर सोडणारी भोके असतील तर लेपाचे तुकडे तिथे साचतात, असेही काही जण नोंदवतात.

चौथी भूमिका जॅकेटवाल्यांची. सौम्य सरावासाठी शिसे ठीक आहे, पण काडतूस पूर्ण ताकदीचे आणि शिकार मोठी असेल तर कारखान्यातली जॅकेटची किंवा निव्वळ तांब्याची गोळी घ्यावी. तिचे वागणे तपासलेले असते आणि प्रत्येक खेपेला सारखे असते. घरच्या भट्टीत आज भाजलेला थर आणि पुढच्या महिन्यात भाजलेला थर एकसारखा असेल याची हमी कोण देणार, असा त्यांचा रास्त प्रश्न आहे. समर्थकांचे उत्तर साध्या चाचण्यांचे आहे. ॲसिटोनमध्ये भिजवलेला कपडा घासला तर रंग उतरू नये. हातोड्याने गोळी चपटी केली तर थर सोलून निघू नये. या चाचण्या थर नीट भाजला गेला एवढे सांगतात. ३६,००० पौंडांखाली तो कसा वागेल, हे त्यांतून कळत नाही.

भट्टीचा आणखी एक परिणाम या चारही गटांत पुरेसा चर्चिला जात नाही. अँटिमनी आणि किंचित आर्सेनिक असलेली गोळी साच्यातून थेट पाण्यात टाकली की खूप कठीण होते. तीच गोळी नंतर २०० अंशांना भाजून हवेत हळूहळू गार केली तर तो कमावलेला कठीणपणा निघून जातो. भट्टीतून पुन्हा पाण्यात टाकली तर बराचसा परत येतो. ‘माझी अमुक ब्रिनेलची गोळी लेपाने चालली’ असे सांगणाऱ्याने ब्रिनेल लेपाआधी मोजले की नंतर, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याचा उपयोग नाही.

सुरक्षिततेचे प्रश्न

दमदार काडतूस भरताना चूक महागात पडते. सिलिंडर फुटतात, बोटे जातात. म्हणून या भागात मतभेद असले तरी सगळे गट सावधपणे बोलतात.

सर्वांत मोठी उणीव माहितीची आहे. दारूचे प्रमाण सांगणारी पुस्तके दारू आणि गोळ्यांच्या कंपन्या प्रयोगशाळेत दाब मोजून छापतात. लेपित गोळ्यांसाठी अशी स्वतंत्र माहिती अजून तुटपुंजी आहे. बहुतेक विक्रेते ओतीव शिशाची माहिती वापरायला सांगतात. लेप निसरडा असल्यामुळे दाब थोडा कमी होतो असे काही म्हणतात. व्यास वाढल्यामुळे तो वाढू शकतो असे दुसरे म्हणतात. घरी दाब मोजण्याचे साधन जवळजवळ कुणाकडेच नसते. बहुतेकांकडे वेग मोजणारा क्रोनोग्राफ असतो, आणि वेगावरून दाबाचा अंदाज बांधणे धोक्याचे आहे. रिव्हॉल्व्हरमध्ये तर फटीच्या रुंदीनुसारही वेग बदलतो. मॅग्नममध्ये आवडीने वापरल्या जाणाऱ्या एच-११० या संथ जळणाऱ्या दारूबद्दल उत्पादक स्वतः इशारा देतो की छापील प्रमाणापेक्षा ती फार कमी करू नये. म्हणजे ‘शंका आली तर थोडी कमी भरा’ हा सर्वमान्य सल्लाही इथे डोळे झाकून लागू पडत नाही.

दुसरा प्रश्न पकडीचा. दमदार रिव्हॉल्व्हरच्या धक्क्याने बाकीच्या कप्प्यांतल्या काडतुसांच्या गोळ्या पुढे सरकतात. एखादी पुरेशी बाहेर आली तर सिलिंडर फिरत नाही. अस्वल समोर असताना हे होणे जिवावरचे आहे. म्हणून पुंगळीची कडा गोळीच्या खाचेत घट्ट वळवतात. निसरड्या लेपाने पकड कमी होते का? काहींना तसे वाटते. दुसऱ्यांच्या मते खरी पकड आतून दाबून धरणाऱ्या पुंगळीची असते आणि लेपाने फारसा फरक पडत नाही. पुंगळीचे तोंड पुरेसे उघडले नाही तर गोळी बसवतानाच तिचा लेप खरवडला जातो आणि तिथे उघडे शिसे राहते, यावर मात्र सगळ्यांचे एकमत आहे.

जुना, चुकीचा एक सल्ला अजूनही फिरत असतो: नळीत शिसे चढले तर दोन-चार जॅकेटच्या गोळ्या झाडा, साफ होईल. अडलेल्या नळीत कठीण गोळी सोडल्याने दाब वाढू शकतो, म्हणून जाणकार याला विरोध करतात. लेपामुळे ही वेळ कमी येते, हे त्याच्या बाजूने म्हणावे लागेल.

शिसे आणि आरोग्य

लेपाचे समर्थन करताना आरोग्याचा मुद्दा हमखास पुढे येतो, आणि तो खराही आहे. उघड्या शिशाची गोळी हातात घेतली की बोटांना शिसे लागते. झाडताना नळीवर घासून आणि वायूने कापून शिशाचे कण हवेत जातात. नाकापर्यंत पूर्ण जॅकेट असलेल्या साध्या गोळीचेही बूड उघडे असते. लेपित गोळीत बूडही झाकलेले असते. बंदिस्त केंद्रात रोज काम करणाऱ्यांसाठी हा फरक मोलाचा आहे. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २०१२च्या अखेरीस लष्करी गोळीबार केंद्रांवरील कर्मचाऱ्यांविषयी अहवाल दिला. रक्तात दर डेसीलिटरला ४० मायक्रोग्रॅमच्या खालीही शिशाचे दुष्परिणाम होतात आणि तेव्हाचे कामगार-मानक पुरेसे नाही, असे त्यात म्हटले होते. २०२१पासून तिथली आरोग्य यंत्रणा ३.५ मायक्रोग्रॅम हीच दखलपात्र पातळी धरते.

पण लेप एवढ्यावरच थांबतो. बहुतेक प्रायमरमध्ये लेड स्टिफनेट हे शिशाचे संयुग असते आणि प्रत्येक फैरीला त्याचा धूर नेमबाजाच्या तोंडाजवळ उठतो. वापरलेल्या पुंगळ्या कोरड्या भुशात घोळवून साफ करताना उडणारी धूळ त्याच शिशाची असते. घरी ओतणाऱ्याच्या भट्टीत शिशाची वाफ कमी असते, कारण ओतण्याचे तापमान तेवढे नसते. धोका वर साचणारी राखट मळी, तिची धूळ आणि न धुतलेले हात यांचा असतो. त्यात लेपाने नवी काळजीही आणली. भुकटीतले काही घटक श्वासावाटे घातक आहेत आणि भाजताना वाफा निघतात. मुखपट्टी घालावी, भट्टी घराबाहेर ठेवावी आणि स्वयंपाकाची भट्टी यासाठी कधीच वापरू नये, यावर जबाबदार मंडळींचे दुमत नाही. घरात लहान मूल असेल तर या गोष्टी लेपाच्या टिकाऊपणापेक्षा शंभरपट महत्त्वाच्या आहेत, असे मला ठामपणे वाटते.

पर्यावरणाच्या बाजूने लेपाचा काहीही उपयोग नाही. शिकारीत गोळीचे बारीक तुकडे प्राण्याच्या मांसात आणि टाकलेल्या आतड्यांत राहतात आणि ते खाणाऱ्या पक्ष्यांना विषबाधा होते. कॅलिफोर्नियातले काँडोर गिधाड १९८०च्या दशकात अवघ्या बावीसच्या संख्येपर्यंत घसरले होते. पिंजऱ्यात वाढवून पुन्हा सोडलेल्या पक्ष्यांच्या मृत्यूचे मोठे कारण शिसेच राहिले. त्यामुळे त्या राज्याने २०१३ साली कायदा करून १ जुलै २०१९पासून शिकारीत शिशाच्या दारूगोळ्यावर पूर्ण बंदी आणली. लेप दिलेली गोळीही तिथे शिशाचीच गोळी ठरते. ज्यांच्या मते ओतीव गोळी जॅकेटच्या गोळीपेक्षा कमी फुटते आणि म्हणून कमी तुकडे मागे ठेवते, त्यांचे म्हणणे कठीण गोळीपुरते बरोबर असू शकते. पण लेपाच्या आधारे मऊ, फुलणारी गोळी वापरणे हाच जर लेपाचा मोठा फायदा असेल, तर तो याच मुद्द्याशी ताणात उभा राहतो. ही बाजू वादात फार कमी वेळा मांडली जाते.

कच्च्या मालाची बाजू

अमेरिकेतला खनिजापासून शिसे काढणारा शेवटचा मोठा कारखाना, मिसुरीतल्या हर्क्युलेनियमचा, २०१३च्या अखेरीस बंद झाला. तेव्हा गोळ्या संपणार अशी हाकाटी झाली. तसे झाले नाही, कारण तिथले बहुतेक शिसे जुन्या बॅटऱ्या वितळवून मिळते. फुकट मिळणारा माल मात्र खरोखर आटला. चाकांची वजने आता जस्ताची किंवा पोलादाची असतात आणि काही राज्यांत शिशाच्या वजनांवर बंदी आहे. जस्त चुकून भट्टीत गेले तर सगळा वितळलेला धातू लापशीसारखा होतो आणि साचा नीट भरत नाही. लायनोटाइपचा साठा संपत आला. म्हणून मऊ शिसे चालवणारा लेप आजच्या ओतणाऱ्याला केवळ सोयीचा वाटत नाही, त्याला त्याची गरज आहे. लेपाच्या लोकप्रियतेचा काही भाग त्याच्या गुणांपेक्षा या टंचाईने समजावता येतो, असे माझे मत आहे.

काय सुटले, काय उरले

धूर, हाताळणी, सौम्य ते मध्यम काडतुसे या बाबतींत प्रश्न सुटल्यासारखा आहे. .३५७ आणि .४४च्या पूर्ण ताकदीला योग्य मापाची, नीट भाजलेली लेपित गोळी वाटीशिवाय चालते, याचा पुरावा अनुभवाच्या स्वरूपात भरपूर आहे. मात्र तो नियंत्रित प्रयोगांचा पुरावा नाही. अनेक दावे पाच फैरींच्या एका गटावर, एका रिव्हॉल्व्हरवर, एका भट्टीवर उभे असतात. पाच फैरींचा गट एकदा छान जमतो आणि पुढच्या वेळी दुप्पट पसरतो. यंत्रात घट्ट बसवलेल्या रिव्हॉल्व्हरनेच हाताची चूक बाजूला काढता येते आणि अशा तुलना थोड्या आहेत.

ज्या चाचणीची उणीव आहे ती सांगता येण्यासारखी आहे. एकाच ओतणीतल्या, एकाच मापावर आणलेल्या गोळ्या घ्यायच्या. काही मेणाच्या, काही लेपाच्या, काही लेप आणि वाटीच्या, आणि सगळ्यांचा कठीणपणा भाजल्यानंतर मोजायचा. थ्रोट आणि नळी मोजलेल्या एकाहून अधिक रिव्हॉल्व्हरमधून त्या झाडायच्या आणि दाबही यंत्राने नोंदवायचा. .४५४ आणि .५००च्या दाबापर्यंत हे कुणी केले, तर कठीणपणाचे सूत्र वरची मर्यादा सांगते की खालची, या कीथच्या काळापासूनच्या प्रश्नालाही त्यातून उत्तर मिळू शकेल. प्रयोगशाळा आणि दाब मोजण्याची यंत्रे दारू बनवणाऱ्या कंपन्यांकडे आहेत. लेपित गोळ्यांसाठी वेगळे रकाने त्यांच्या पुस्तकांत येऊ लागले, तर निदान दाबाबद्दलचे तर्क थांबतील आणि उरलेला वाद मिश्रधातू, वाटी आणि शिशाच्या विषाच्या प्रश्नापुरता राहील.